उलटी गाठ

कामणच्या नदीतून संध्याकाळी किड्यांचे थवेच्या थवे निघाले आणि मासे टपाटप उसळू लागले. जीनाच्या गळाला मात्र एक शिवेल तर शपथ! कोंबडीच्या पिसाला रिबिनीचा लाल दोरा गुंडाळून, डावखुरी उलटी गाठ मारून, उरलेला दोरा दातांनी तोडून तिने केलेला नकली किडा नुसताच तरंगत होता.

"आज मासा नाय, तर उद्यापासून गळ तुझ्या भावाला!" काठावरून पप्पा ओरडले. "तुझा किडा ओळखतात गो ते!"

"थांबा, आता खरा बघूनच बनवते!"

चिडून तिने पाण्यातून वर येणारा एक किडा मुठीत धरला.

मूठ उघडली. किडा जिवंत होता, फडफडत होता. त्याच्या पोटाला लाल दोरा होता. गाठ उलटी. टोक दातांनी तोडलेलं, अजून ओलं.