आज सगळ्यांची लाडकी

सदर भागातल्या त्या दवाखान्यात कामिनी सिस्टरच्या तोंडून पेशंटची गोष्ट बाहेर पडेल तर शपथ! "दुसऱ्याच्या पेशंटची माहिती सांगता येत नाही, कायदा आहे," असं सुनावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याच कायद्याच्या भरवशावर स्वतःच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तिनं आपल्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये तपासायला दिला. डॉक्टरांशिवाय कोणाला म्हणून सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

आज मात्र आक्रीतच होतं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला सुट्टी न देणाऱ्या मेट्रन इंदुताई स्वतःहून म्हणाल्या, "तुही नाइट ड्युटी काढून टाकली वं. घरी जाऊन आराम कर." दिवाळीपासून अबोला धरलेल्या हिमानी सिस्टरनं तिच्या हातातली सलाइनची ट्रॉली ओढून घेतली. कॅन्टीनच्या विक्कीनं तर न मागता पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री ओतली.

"काहून गा विक्की, वाढदिवस आहे का आज माहा?" कामिनी हसली.

विक्की हसला नाही. त्यानं गॅसकडे तोंड फिरवलं.

कामिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिनं लॅबमधल्या अश्विनला फोन लावला. "माहा रिपोर्ट आला का गा?"

"आला ताई. पण मले नाही सांगता येत, कायदा आहे. डॉक्टरच सांगतील तुमाले."

"बरं," म्हणून ती फोन ठेवणार, तेवढ्यात अश्विननं तिला थांबवलं.



"हिम्मत सोडू नका ताई, आमी सारे आहोत ना!"