मॅमच्या कामाची वेळ

स्टॅटिस्टिक्सच्या मॅमच्या ऑफिसचं दार अर्धवट उघडं होतं आणि तीच पंचाईत होती. बंद असतं तर ईशिता नेहमीसारखी परत गेली असती. आता ती भिंतीला चिकटून उभी होती. बर्फाने ओले झालेले बूट करकरत होते, म्हणून पायही हलवत नव्हती. दाराशेजारच्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं होतं : ऑफिस अवर्स, मंगळवार, दोन ते चार. आज मंगळवार होता आणि अडीच वाजून गेले होते.

म्हणजे नेमकी जायची नाही ती वेळ.

पण तिच्याकडे दुसरी वेळच उरली नव्हती. स्टॅटिस्टिक्सच्या मिडटर्म परीक्षेत ती सपाटून आपटली होती आणि त्या एका विषयाचा कोर्स सोडायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. सोडला, तर ती फुलटाइम विद्यार्थिनी राहणार नव्हती आणि स्टडी परमिट धोक्यात येणार होतं. नाही सोडला आणि नापास झाली, तर विद्यापीठच घरचा रस्ता दाखवणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर. जळगावला आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. कॅनडात, एडमंटनला थंडी फार आणि पोरीच्या जेवणाचे हाल, एवढीच तिची काळजी.

अडलं होतं ते फार मोठंही नव्हतं. पी-व्हॅल्यू नावाचं एक प्रकरण सत्राच्या सुरुवातीलाच डोक्यावरून गेलं, आणि पुढचा सगळा अभ्यास त्याच्यावरच उभा होता. वर्गात विचारायची सोय नव्हती. सिनेमा थिएटरएवढा हॉल, चारशे मुलं. मॅम "एनी क्वेश्चन्स?" म्हणाल्या की ईशिता वहीत डोकं खुपसून बसायची.

शेवटी तिने धीर करून ईमेल केला होता. "रिस्पेक्टेड मॅम" म्हणून सुरुवात, चार वेळा सॉरी, आणि शेवटी मुद्द्याचं : आपल्याला भेटायला केव्हा येऊ? उत्तर एका ओळीचं आलं. "हाय ईशिता, माझे ऑफिस अवर्स मंगळवारी दोन ते चार असतात. ट्रेसी."

"बघ, टाळलं मला," ईशिता रडवेली झाली.

रूममेट अक्षता नांदेडची. ती कॅनडात वर्षभर आधी आलेली, त्यामुळे सगळ्या विषयांतली जाणकार. "टाळलं नाही गं, क्लिअर सांगितलं," ती म्हणाली. "तेवढ्या टायमात त्यांचं ऑफिसचं काम चालतं, तेव्हा डिस्टर्ब करू नको. बाकी कधीही जा. आमच्या एचओडी सरांच्या दारावर तर पाटीच होती, कार्यालयीन वेळेत विद्यार्थ्यांनी भेटू नये. गेलं की जर्नल अंगावर यायचं!"

अक्षता स्वतः इथल्या एकाही प्रोफेसरच्या दाराशी गेलेली नव्हती. पण जळगावच्या कॉलेजातही असंच होतं, त्यामुळे ईशिताला ते लगेच पटलं. मग ती बुधवारी गेली. ग्रोसरी स्टोअरमधली शिफ्ट संपवून शुक्रवारी गेली. सोमवारी सकाळी पहिली एलआरटी ट्रेन पकडून गेली. दर वेळी दाराला कुलूप. मंगळवारी मात्र दार उघडं दिसायचं, आणि हिला तिथून चोरपावलांनी परत फिरावं लागायचं. देव देतो आणि कर्म नेतं, म्हणतात ते हेच असावं.

लॅब घेणाऱ्या जस्टिनलाही तिने एकदा विचारून पाहिलं. त्याच्याभोवती पोरांचा गराडा. तो घाईत म्हणाला, "तू ट्रेसीच्या ऑफिस अवर्समध्ये गेली होतीस का?"

"नो, नो! नेव्हर!" ईशिताने कानाला हात लावायचंच काय ते बाकी ठेवलं. जस्टिनने खांदे उडवले आणि तो पुढच्या मुलाकडे वळला.

आता मात्र गरजवंताला अक्कल नसते, असं स्वतःला बजावत तिने दारावर टकटक केली.

"सॉरी मॅम, आय नो, युअर ऑफिस अवर्स आर गोइंग ऑन." पाठ केलेलं सगळं इंग्रजी एका दमात बाहेर पडलं. "मला माहितेय, ही तुमच्या कामाची वेळ आहे. दोनच मिनिटं घेते. नाहीतर बाहेर थांबते, तुमचं काम होईपर्यंत."

मॅम, म्हणजे ट्रेसी, तिच्याकडे बघतच राहिल्या. हॉलच्या शेवटच्या रांगेतून दिसायच्या त्यापेक्षा त्या बऱ्याच तरुण होत्या.

"कसलं काम?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसचं. म्हणून तर मी मंगळवारी येत नाही. म्हणजे येते, पण आत येत नाही."

मॅमच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू ओसरला. त्या उठल्या, कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांनी टेबलाशी ठेवली. "ईशिता, ऑफिस अवर्स म्हणजे विद्यार्थ्यांनी यायची वेळ. ही वेळ माझी नाही, तुमची आहे."

ईशिताच्या कानांतून धूर निघायचा बाकी होता. लाज वाटली, हसू आलं, अक्षताचा गळा दाबावासा वाटला, आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणीच यायला लागलं. मॅमनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. पाऊण तास दोघी एकाच कागदावर वाकून होत्या. पी-व्हॅल्यू अखेर डोक्यात शिरली.

"एवढंच अडलंय. यासाठी कोर्स सोडायची गरज नाही," मॅम म्हणाल्या. "आता दर मंगळवारी यायचं. आणि आतपर्यंत यायचं."

"थँक यू, मॅम. तुमचा एवढा वेळ घेतला."

"वेळ?" मॅम दाराकडे बघत म्हणाल्या. "हे माझं शिकवण्याचं पहिलंच वर्ष आहे. सप्टेंबरपासून या खोलीत आत आलेली तू पहिली. मला वाटायला लागलं होतं, मला शिकवताच येत नाही."