राखेचा स्लॅब

नव्या शाळेच्या गच्चीच्या स्लॅबवर शरयूने खिळा ओढला. ओरखडा दोन मिलिमीटर खोल गेला आणि बोटांना राखाडी पूड लागली.

सिमेंटऐवजी वीज केंद्राच्या राखेचं काँक्रीट, हे तिचंच संशोधन होतं. चाचणीचे ठोकळे तिने प्रयोगशाळेच्या भट्टीत साठ अंशांवर दिवसभर तापवले होते, म्हणून ते पक्के झाले. हा स्लॅब मात्र डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर पडून कच्चाच राहिला. तीन आठवड्यांपासून तिला ते ठाऊक होतं, तरी स्लॅब पक्का असल्याचा सही केलेला अहवाल मागे घ्यायला मन धजत नव्हतं.

"मॅडम, कशाला गच्ची खरवडताय? तुम्हीच म्हणालात ना, आपली राख सिमेंटला पाणी पाजते!" हेडमास्तर डोंगरवार हसले. "उद्या पहिलीचा वर्ग खाली भरतोय. माझी नातही त्यात आहे."

खालून बाकं मांडल्याचे आवाज येत होते. शरयूने खिळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओढून पाहिला, आणि त्यांचं हसू मावळलं.

"वर्ग भरवू नका, सर," ती म्हणाली. "माझा अहवाल चुकीचा होता. हा स्लॅब पाडावा लागेल."