पाटीएवढा संसार

माझा नवरा एका गेममधल्या जोकरला आवाज देतो. जोकर रडका, नायिकेपायी पार वेडा. दिवसभर विनवण्या करून नवऱ्याचा घसा बसतो, म्हणून घरी तो पाटीवर लिहून बोलतो. "दूध आणलं." "झोपतो." हे काम लागल्यापासूनच्या आठ महिन्यांत आमचा संसार पाटीएवढा झालाय. संध्याकाळी मी तोच गेम खेळते. जोकर विचारतो, "थांबशील?" मी मुद्दाम 'जाते' हे बटण दाबते. मग तो गयावया करतो, "नको ना जाऊस. तुझ्या पावलांचा आवाजसुद्धा मला पाठ आहे." पुन्हा 'जाते' दाबते. आज नवरा पाठीमागे येऊन थांबला. "किती छळशील त्याला?" त्याने लिहिलं. "तो बोलतो तरी," मी म्हटलं. त्याने पाटी पुसून लिहिलं, "तो मीच आहे." मी खडू काढून घेतला. "मग बोल." त्याने तोंड उघडलं; नुसती हवा आली. शेवटी वाकून त्यानेच 'जाते' दाबलं, आणि जोकर त्याच्या आवाजात म्हणाला, "नको ना जाऊस."