स्टेशनचं भाडं

सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या. प्रवाशांच्या हक्कांवरची त्यांची भाषणं ऐकून टॅक्सीवाल्या जावयाचे कान किटले होते. त्या निघायच्या दिवशी तो सकाळीच सटकला. जाताना बायकोला म्हणाला, "आईंना ॲपवरून गाडी मागवायला सांग, मला वेळ नाही."

दिवसभर त्याने नेहमीचंच केलं. भाडं घ्यायचं, "कुठे जायचंय?" असा मेसेज टाकायचा आणि उत्तर "स्टेशन" आलं, की तिथल्या गर्दीत कोण अडकणार म्हणून नावही न बघता रद्द करायचं.

संध्याकाळी शीळ घालत घरी आला, तर सासूबाई सोफ्यावर बसून निवांत चहा पीत होत्या.

"रेल्वे चुकली हो जावईबापू. एकाने भाडं घेतलं, स्टेशन म्हटल्यावर रद्द केलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत उशीर झाला."

"असल्या माणसाची तक्रारच करायला हवी, आई," जावई तावातावाने म्हणाला.

"करणारच होते. पण ॲपवर त्याचा फोटो बघितला आणि म्हटलं, जावयाची एवढी इच्छा आहे, तर राहावं अजून महिनाभर."