हरण्याचा सराव

आयुष्यभर कराटे शिकवून निवृत्त झालेले सर कादंबरी लिहायला बसले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मॅटवर न उतरण्याचा शब्द त्यांनी पत्नीला दिला होता. तरीही त्यांच्या कोपरावर रोज नवा काळानिळा डाग दिसू लागला, तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"अहो, कादंबरी लिहून कोपर कधीपासून सुजायला लागलं?"

"टेबलावर आपटलं."

"रोज? टेबल काय ब्लॅक बेल्ट आहे?"

दुसऱ्या दिवशी ती दबक्या पावलांनी त्यांच्या मागोमाग जुन्या क्लासपर्यंत गेली. तिने दार ढकलले, तेवढ्यात एके काळी सरांचाच विद्यार्थी असलेल्या जावयाने सासऱ्यांना मॅटवर लोळवले.

"सर, पुरे आता. आईंना कळलं तर माझं काही खरं नाही."

"आणखी एकदा! माझा नायक हरतो, आणि मला स्पर्धेत आजवर कुणी हरवलेलंच नाही. हरलेला माणूस पडल्यावर आधी कुठे बघतो, हे कळल्याशिवाय लिहू कसं?"

बोलता बोलता त्यांनी मान वळवली. दारात पत्नी कमरेवर हात ठेवून उभी होती.



"मिळालं," सर पडल्या पडल्याच पुटपुटले, "दाराकडे बघतो. बायकोने पाहिलं तर नाही ना, म्हणून."