चौथी दुर्बीण

"हीसुद्धा धूसर आहे," म्हणत सादिरकुलने बंदुकीची तिसरी दुर्बीण काउंटरवर ठेवून दिली.

दुकानदार तालायने कपाळाला हात लावला. "बाइके, थोरले दादा, दुर्बीण घ्यायला आलात की सून बघायला? प्रत्येकीत खोट! अहो, या काचेतून पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढीच्या कानातली गोचीड दिसते."

"तुझ्या काचा तुलाच लखलाभ," सादिरकुल गुरगुरला.

बाकावर अकमूर बसून होती. ती गावची सून, नवरा गेल्यापासून एकटीनं मेंढरं राखणारी. पंधरा दिवसांत लांडगे दोनदा तिच्या मेंढवाड्यात शिरले होते. तिच्याकडे नवऱ्याची छऱ्याची बंदूक होती, पण ती लांबवर पोचत नाही. म्हणून गावानं दोन्ही वेळा सादिरकुलला बोलावलं. सादिरकुल म्हणजे मेर्गेन, ज्याचा नेम चुकत नाही असा शिकारी. दोन्ही वेळा त्यानं गोळी झाडली आणि दोन्ही वेळा लांडगा आरामात चालत निघून गेला. "दुर्बीण बाद झालीय माझी," असं त्यानं चारचौघांत ठणकावून सांगितलं. मग काय, गावानं नवी घ्यायचं ठरवलं आणि अकमूरला सोबत देऊन त्याला नारीन शहराच्या बाजारात धाडलं. थाप मारली की ती अशी अंगाशी येते.

तालायनं कपाटातून चौथी काढली. "ही शेवटची. हिच्यावर माझ्याकडे काही नाही. चला, दारात चला."

दारातून नदीपलीकडचा उतार समोरच दिसे. तिथं नुकताच बर्फ पडून गेला होता. सादिरकुलनं दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली. या डोळ्यावर दोन वर्षांपासून साय धरली होती, आणि डावाही त्याच वाटेला लागला होता. हे त्यानं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. त्याला पांढरं दिसलं, आणि पांढऱ्यात काहीतरी गडद हललं.

"काय दिसतंय?" तालायनं विचारलं.

"घोडा."

"किती?"

"किती म्हणजे काय? एक. काळा."

तालायनं नुसत्या डोळ्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग सादिरकुलकडे पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात अकमूर बाकावरून उठून पुढं आली.

"बरोबर," ती घाईनं म्हणाली. "एकच आहे. काळाच आहे. मला इथूनसुद्धा दिसतोय."

सादिरकुलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिचा हा सूर त्यानं आधी ऐकला होता. त्यानं दुर्बीण खाली घेतली.

"त्या दिवशीही तू अशीच बोललीस, सूनबाई."

"कोणत्या दिवशी?"

"उगाच वेड पांघरू नकोस. मी शिकार घेऊन डोंगर उतरत होतो. तू ओढ्यापाशी भेटलीस आणि शिराल्गा म्हणालीस."

तालाय हसला. शिकाऱ्याला वाटेत गाठून शिराल्गा म्हटलं की त्यानं शिकार उघडी करायची आणि वाटा द्यायचा. लपवायचं नाही, नाही म्हणायचं नाही. डोंगरात आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलं होतं. "मग? वाटा दिला नाहीत की काय?"

"दिला. घोड्यावर टाकलेलं घोंगडं काढलं आणि दिला. हिनं शिकारीच्या मागच्या तंगड्यांमध्ये हात घातला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांवरून दूध ओघळत होतं. रानबोकड म्हणून मी अंगावर पाजणारी रानशेळी मारली होती, तालाय. पिल्लू खिंडीपर्यंत माझ्या मागं ओरडत आलं. मी मागं वळून पाहिलं नाही. आणि ही झग्याला हात पुसून म्हणते, चांगला तगडा बोकड आहे, बाइके."

तालाय उगाचच काउंटरवरच्या फडक्याच्या घड्या घालत बसला.

"तुमचं नाव मोठं," अकमूर हळूच म्हणाली. "माझ्या तोंडानं कशाला खाली जावं, असं वाटलं."

"माझी लाज तू राखलीस, आणि मी तुझी मेंढरं मारवली. लांडगा दोनदा सुटला, तो काय दुर्बिणीमुळं?" त्यानं दुर्बीण तिच्या हातात दिली. "घे. बघ आणि खरं सांग. शपथ आहे माझी."

अकमूरनं दुर्बीण लावली. बराच वेळ पाहत राहिली.

"घोडी आहे," ती म्हणाली. "तपकिरी. पोटाखाली शिंगरू आहे. पितंय."

सादिरकुलनं मान हलवली. खांद्यावरची रायफल उतरवून ती त्यानं काउंटरवर ठेवली. पट्ट्यावरून त्याचा हात लवकर सुटेना.

"बसव हीच," तो तालायला म्हणाला. "पण माझ्या नाही, हिच्या डोळ्याला जुळवून बसव."

"हिच्या?" तालाय चाचरला. "मेर्गेनची बंदूक बाईमाणसाच्या हातात?"

"तिला दिसतं," सादिरकुल म्हणाला.

तालायनं पेचकस शोधून जुनी दुर्बीण उतरवली, नवी चढवली, अकमूरला दोनदा दारात नेऊन बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि पेच आवळले. सादिरकुल तोवर बाकावर बसून होता, मघाशी ती बसली होती तिथंच.

बाहेर पडताना रायफल अकमूरच्या खांद्यावर होती. पट्टा तिला लांब होत होता आणि दस्ता चालताना मांडीवर आपटत होता. चार पावलं मागून येणारा सादिरकुल एकदम थांबला. चाळीस वर्षं लोकांनी त्याला वाटेत गाठून जो शब्द म्हटला होता, तो त्यानं स्वतः कधी उच्चारला नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि रिकामा तळहात पुढं केला.

"शिराल्गा, सूनबाई."